वरच्या मजल्यावरची खोली गारठतेय? कमी खर्चात ऊब कशी मिळेल?

डिसेंबर-जानेवारीत निफाड, नाशिक, गोंदिया या भागांत पारा एक आकडी होतो. मग तळमजल्यापेक्षा वरची खोली जास्त का गारठते आणि तिथे हीटर लावला तर बिल किती येईल, हे प्रश्न घरोघरी पडतात. वरच्या खोलीत अभ्यास करणारी मुलं किंवा वयस्कर आई-वडील झोपत असतील, तर ते टाळताही येत नाहीत.

वरचा मजलाच जास्त गार का पडतो?

तळमजल्याला डोक्यावर दुसऱ्या खोलीचं पांघरूण असतं. वरच्या खोलीच्या स्लॅबवर मात्र थेट आकाश असतं. थंडीत आभाळ निरभ्र असलं की स्लॅबमधली उष्णता रात्रभर बाहेर निघून जाते. पत्र्याचं छप्पर तर सूर्य मावळला की लगेच गार होतं. भिंतीही तीन-चार बाजूंनी वाऱ्याला उघड्या असतात.

हीटरच्या आधी काय करायचं?

ऊब टिकत नसेल तर हीटर कितीही मोठा आणला तरी पैसे वाया जातात. दाराखालची फट कापडी पट्टीने बुजवा, खिडक्यांना जाड पडदे लावा आणि जिन्याकडचं दार बंद ठेवा. दार नसेल तर तिथेही जाड पडदा चालतो. फरशीवर सतरंजी टाका.

पत्र्याच्या खोलीत फॉल्स सीलिंगचा खर्च सगळ्यात आधी करावा. पत्रा आणि सीलिंगमधली हवा थंडी अडवते आणि एप्रिल-मेमध्ये उकाडाही कमी करते. गच्चीवरचा पांढरा कूल कोट मात्र फक्त उन्हाळ्यात कामाचा आहे. थंडीत तो दिवसाचं ऊनही परतवून लावतो.

कोणता पर्याय किती वीज खातो?

हिशेब सोपा आहे. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की १ युनिट होतं. सोयीसाठी प्रति युनिट १० रुपये धरले, तर रोज ८ तासांचा खर्च असा:

• ब्लोअर (२००० वॅट): १६ युनिट, १६० रुपये. महिन्याला ४,८०० रुपये.
• ऑइल हीटर (२००० वॅट): खोली तापल्यावर थर्मोस्टॅटने निम्मा वेळ बंद राहिला, तर ८ युनिट, ८० रुपये. महिन्याला २,४०० रुपये.
• इलेक्ट्रिक ब्लँकेट (१०० वॅट): ०.८ युनिट, ८ रुपये. महिन्याला २४० रुपये.

'ऑइल हीटर कमी विजेत जास्त ऊब देतो' हा गैरसमज आहे. १ युनिट विजेतून ब्लोअर, रॉड हीटर आणि ऑइल हीटर सारखीच उष्णता देतात. बचत होते ती थर्मोस्टॅटमुळे, आणि ब्लोअरला थर्मोस्टॅट असेल तर त्यातही होते. 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर एसीचं तंत्र वेगळं आहे. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणतो, त्यामुळे तेवढ्याच विजेत साधारण तिप्पट ऊब मिळते. पण त्याची किंमत हीटरच्या कित्येक पट असते. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल, तरच हा विचार परवडतो.

महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. वापर १००, ३०० किंवा ५०० युनिटच्या पुढे गेला की वरच्या युनिटचा दर वाढतो. म्हणजे हीटरचे युनिट बहुधा महागड्या टप्प्यात पडतात.

मग निवड कशी करायची?

फक्त झोपेपुरती ऊब हवी असेल तर खोली नव्हे, अंथरूण तापवा. झोपण्याआधी अर्धा तास ब्लँकेट लावून नंतर बंद केलं तरी अनेकांचं काम भागतं. तान्ह्या बाळांसाठी मात्र ते वापरू नये. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनीही ते टाळावं, कारण चटका बसलेला कळत नाही. तास-दोन तास अभ्यासाला बसायचं असेल तर छोटा रॉड हीटर किंवा ब्लोअर पुरतो. आजारी किंवा वयस्कर माणूस रात्रभर खोलीत असेल तर ऑइल हीटर बरा, कारण त्यात तापून लाल झालेली तार उघडी नसते.

वायरिंगचं काय?

२००० वॅटचा हीटर साधारण ९ अँपिअर करंट ओढतो. मोबाइल चार्जरचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यामुळे १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. एक्स्टेंशन बोर्डवर हीटर लावू नका. वरची खोली नंतर चढवलेली असेल तर वायरची जाडी इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या.

शेगडी पेटवली तर?

कोळशाची शेगडी स्वस्त वाटते, पण बंद खोलीत ती जीव घेऊ शकते. जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. राख झाकून ठेवलेले निखारेही तितकेच धोक्याचे. शेगडी असलेल्या खोलीत डोकं दुखणं, मळमळ किंवा गुंगी जाणवली तर लगेच सगळ्यांना मोकळ्या हवेत न्या आणि १०८ ला फोन करा.

थोडक्यात, आधी फटी बुजवा, मग अंथरूण तापवा आणि तेवढ्याने भागलं नाही तरच खोलीसाठी हीटर घ्या.