चंद्रावरचा गंधक आणि चेंबरमधला गंधक

२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चे 'विक्रम' चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद टेकले आणि चंद्रावर सुखरूप यान उतरविणारा भारत हा जगातला चौथा देश ठरला. तेव्हापासून २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून साजरा होतो. पुण्यात तर विज्ञानाच्या उत्सवाला निमित्त लागतच नाही. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी आयुकाच्या आवारात शाळकरी पोरांची झुंबड उडते. नारायणगावाजवळ खोडदला ४५-४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, ती पाहायला गाड्या भरून मुले जातात. सूर्याकडे निघालेल्या आदित्य-एल१ वरची अतिनील दुर्बीण याच आयुकात घडली. हे सारे आम्हाला मनापासून आवडते. आणि तरीही चळवळीच्या बैठकीत कुणीतरी उभा राहून विचारतोच, 'वकीलसाहेब, चंद्रावर गेलो ते ठीक, पण आमच्या माणसाला त्याचे काय?'

हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेत नाही. ज्याने रेशनच्या रांगेत दिवस घालवला आहे त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण या प्रश्नाचे जे ठरलेले उत्तर आपल्यातलेच काही मित्र देतात, की उपाशी देशाला चंद्र कशाला हवा, तो पैसा गरिबांना वाटा, ते उत्तर आम्हास मान्य नाही!

एक तर हिशेब पाहा. चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये सांगितला जातो. एकशे चाळीस कोटींच्या देशात माणशी पाच रुपयेसुद्धा होत नाहीत. एवढ्या पैशात कुणाची गरिबी हटली असती? दुसरे असे की, अंतराळ विज्ञानाचा फायदा गरिबाला होत नाही हे म्हणणेच खोटे आहे. १९९९ साली ओडिशावर महाचक्रीवादळ आले, सुमारे दहा हजार माणसे मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आले, तेही तसेच भयंकर. मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या काळात उपग्रह वाढले, हवामानाचा अंदाज सुधारला आणि वादळ यायच्या आधी लाखो लोकांना हलविण्याची व्यवस्था उभी राहिली. जी माणसे वाचली ती कुडाच्या घरात राहणारी होती. बंगल्यातला माणूस तसाही वाचतो.

तेव्हा विज्ञानाला विरोध हा आपला मार्ग नव्हे. बाबासाहेबांचा तर नव्हताच नव्हता. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची सालटी काढली आहेत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : पोटापाण्याच्या कष्टातून उसंत मिळाल्याशिवाय माणूस पशूच्या पातळीवरून वर येत नाही, आणि ही उसंत यंत्राशिवाय मिळत नाही. यंत्रामुळे जी दुःखे निर्माण झाली असे सांगतात, त्यांचा दोष यंत्राकडे नाही. खासगी मालकी आणि नफ्याला देवासारखे पूजणाऱ्या समाजरचनेकडे आहे. म्हणून रचना बदला, यंत्र मोडू नका. याच ग्रंथात त्यांनी भंगीकामाला पवित्र सेवा म्हणून गौरविणाऱ्यांचाही समाचार घेतला आहे. ज्याला आपण घाणीतून बाहेर काढत नाही त्याला घाण उपसणे हे पुण्यकर्म आहे असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा. हे लिहिणारा माणूस तेव्हा नुसता लेखक नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर सिंचन आणि वीज हे विषय तो सांभाळत होता, दामोदर खोऱ्याच्या योजनेवर बैठका घेत होता.

पण शोध लागणे आणि तो माणसापर्यंत पोचणे, या दोन वेगळ्या तारखा असतात. पुण्याला हे सांगायला नको. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी मुंबईत स्वतः तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीमाई प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी पोर पाठीवर घेऊन त्या हडपसरला ससाणे मळ्यात डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या आणि त्यातच त्यांना लागण झाली. लस मुंबईत होती, प्लेग पुण्यात होता. त्याच हडपसरात आज जगाला लस पुरविणारी सीरम इन्स्टिट्यूट उभी आहे, आणि १६ जानेवारी २०२१ ला देशात कोरोनाचे लसीकरण सुरू झाले तेव्हा तिथली लस वर्षाच्या आत दंडापर्यंत आली. म्हणजे मनात आणले तर दोन तारखांमधले अंतर कमी करता येते. प्रश्न कुणाच्या जिवासाठी मनात आणायचे, हा आहे.

आता पुण्याच्या आजच्या गोष्टीकडे येऊ. मार्च २०२२ मध्ये लोणी काळभोरजवळ सेप्टिक टँक साफ करताना चार जण गुदमरून मेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात, दिवाळी दारात असताना, वाघोलीत एका गृहसंकुलात तीन कामगार तसेच गेले. दोन्ही ठिकाणी मोठमोठ्या इमारती, शेजारी आयटी कंपन्या, वर उपग्रहाच्या मदतीने चालणारे मोबाईल. आणि खाली खड्ड्यात दोरी घेऊन उतरलेला माणूस!

या मृत्यूंना वर्तमानपत्रे 'दुर्दैवी' म्हणतात. आम्ही म्हणत नाही, कारण ते अगदी रसायनशास्त्राच्या नियमाने घडतात. बंद टाकीत प्राणवायू संपतो, मग तिथले जंतू मैल्यातल्या गंधकाच्या क्षारांपासून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू बनवतात. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. गाळ ढवळला की एकदम उसळतो. त्याला कुजलेल्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. कामगाराला वाटते वास गेला, म्हणजे हवा साफ झाली. पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. वरचा साथीदार त्याला काढायला उतरतो, तोही कोसळतो. म्हणूनच अशा बातमीत अनेकदा एकच माणूस मरत नाही. तीन मरतात, चार मरतात.

आणि इथेच आम्हाला चंद्रावरचा 'प्रज्ञान' आठवतो. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस इस्रोने जाहीर केले की, प्रज्ञानने चंद्राच्या मातीवर लेसरचा झोत मारला, निघालेल्या प्रकाशाचे पृथक्करण केले आणि तिथे गंधक असल्याची खात्री पटवली. पावणेचार लाख किलोमीटरवरचा गंधक आपण ओळखला! त्याबद्दल त्या शास्त्रज्ञांना आमचा सलाम. (उड्डाणापूर्वी यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जाण्याची आणि उतरल्या जागेला 'शिवशक्ती' नाव देण्याची गरज कुणाला होती, हे विचारायचे आम्ही आज सोडून देतो.) पण सोसायटीच्या पार्किंगखालच्या वीस फुटांवरचा गंधक ओळखायला लेसरही लागत नाही. खिशात मावेल असे वायुमापक यंत्र बाजारात मिळते, दोरीने खाली सोडले की शिट्टी वाजवते. मैला ओढणाऱ्या सक्शन गाड्या आहेत, पाण्याच्या दाबाने तुंबलेली लाईन मोकळी करणाऱ्या जेटिंग मशीन आहेत. केरळच्या तरुण अभियंत्यांनी २०१८ सालीच मॅनहोलमध्ये उतरणारा 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव तिरुवनंतपुरममध्ये कामाला लावला. म्हणजे शोध लागलेला आहे. पहिली तारीख कधीच येऊन गेली. दुसरी का येत नाही?

पैसा नाही म्हणून? ज्या संकुलात फ्लॅटची किंमत लाखांत नव्हे कोटीत मोजतात, तिथे यंत्राचे भाडे परवडत नाही असे कोण म्हणेल? खरे कारण आम्ही स्पष्ट सांगतो. यंत्राला भाडे लागते, डिझेल लागते, चालक लागतो. विशिष्ट जातीत जन्मलेला माणूस त्याहून स्वस्त पडतो, आणि मेला तर ठेकेदार बदलता येतो. २०२४ साली समोर आलेल्या केंद्र सरकारच्याच नोंदणीनुसार गटारे व टाक्या साफ करणाऱ्या कामगारांत दोन तृतीयांशांहून अधिक अनुसूचित जातींचे आहेत. मागणीच नसेल तर यंत्र येईल कुठून? जात ही नुसती मनातली घाण नाही, ती यंत्राच्या वाटेतली धोंड आहे. बाबासाहेब समाजरचनेकडे बोट दाखवत होते ते याचसाठी.

कायदा काय म्हणतो? २०१३ च्या हाताने मैला उचलण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचे कलम ७ सांगते की, कोणीही व्यक्ती, स्थानिक संस्था वा एजन्सी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे कुणालाही गटार वा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईला लावणार नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. कलम ३३ तर सफाईसाठी योग्य यंत्रे वापरणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्यच ठरवते. पण याच कायद्यात एक भोकही आहे. 'धोकादायक सफाई'ची व्याख्या सुरक्षासाधनांशी बांधलेली आहे. मालकाने साधने दिली, काळजी घेतली, की माणूस उतरवणे धोकादायक ठरत नाही. मग ठेकेदार हातमोज्यांची एक जोडी दाखवतो आणि साधने दिली होती म्हणतो. शिवाय फिर्याद लिहिताना निष्काळजीपणाचे कलम लावण्याकडे कल असतो, २०१३ चा कायदा आठवून द्यावा लागतो. हे आठवून देण्यात आमची अर्धी वकिली जाते.

न्यायालयांनी वाट दाखवली नाही असे नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रत्येक मृत्यूला १० लाख रुपये ठरवले, २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ते ३० लाख केले. मुंबईत गोवंडीच्या एका खासगी सोसायटीत २०१९ साली मेलेल्या तीन कामगारांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना प्रत्येकी १० लाख देण्याचा आदेश शासनाला दिला. जागा खासगी होती ही सबब चालली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू आणि हैदराबाद या सहा महानगरांत हाताने गटारसफाई बंद करण्याचे आदेश दिले. त्या यादीत पुणे नाही. त्यामुळे पुण्याला २०१३ चा कायदा लागू नाही असे कुणी समजू नये, पण विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहराने आपले नाव यादीत येण्याची वाट तरी का पाहावी?

आता थोडे घरातले बोलू. आपला समाजही आता वाड्या-वस्त्यांतून फ्लॅटमध्ये आला आहे. विश्रांतवाडी, धानोरी, वाघोली, पिंपरी-चिंचवड, कितीतरी सोसायट्यांत आपली माणसे सभासद आहेत, काही ठिकाणी चेअरमन-सेक्रेटरी आहेत. दिवाणखान्यात बाबासाहेबांची तसबीर आणि पार्किंगखाली उतरलेला आपलाच भाऊ, हे आम्ही पाहिलेले आहे. 'ठेका दिलाय, तो पाहून घेईल' हे उत्तर आपल्या माणसाच्या तोंडूनही आम्ही ऐकले आहे. कलम ७ मधला 'अप्रत्यक्षपणे' हा शब्द अशाच उत्तरासाठी घातलेला आहे.

तेव्हा सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत टाकी उपसण्याचा विषय निघाला, की दर किती हे विचारण्याआधी सक्शन गाडी येणार का ते विचारा. माणूस आत उतरणार नाही, ही अट ठेकेदाराच्या करारात लिहायला लावा. झाकण उघडण्याआधी वायुमापक कोण आणणार, त्याचे नाव विचारा. शेजारी नाक मुरडतील, खर्च वाढेल म्हणतील, म्हणू द्या. फक्त तुम्ही काय विचारले आणि समितीने काय उत्तर दिले, ते सभेच्या इतिवृत्तात नोंदवून त्यावर सही घ्या. कोर्टात आम्हाला तोच कागद लागतो.