पदक नसलेले शिलेदार

ऑलिंपिकचे पदक खेळाडूंच्या गळ्यात पडते. प्रशिक्षकांना ते मिळत नाही. सहायक प्रशिक्षकांची तर नावेही फारशी कुणाला ठाऊक नसतात!

भारतीय हॉकी संघांची शिबिरे बंगळुरूच्या 'साई' केंद्रात भरतात. २०२०च्या टाळेबंदीत पुरुष आणि महिला, दोन्ही संघ तिथेच अडकले होते. पुरुषांचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक ग्रॅहम रीड ऑस्ट्रेलियाचे, तर सहायक शिवेंद्र सिंग आपल्या ग्वाल्हेरचे. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते आघाडीच्या फळीत खेळले होते. महिला संघाच्या तेव्हाच्या सहायक अंकिता बी. एस. या हॉकीवेड्या कोडगूच्या.

२०२१मध्ये टोकियोत पुरुषांनी ४१ वर्षांनी पदक मिळवले. महिला चौथ्या आल्या. पुढे शिवेंद्र यांना २०२३चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. पडद्यामागच्या कष्टांना उशिरा का होईना, पावती मिळाली!