पाचव्यांदा वाचण्यापेक्षा एकदा आठवून पाहा

नीटची तयारी करणाऱ्या मुलाचे जीवशास्त्राचे पुस्तक उघडले, की आधी दिसतात ते रंग. पिवळा, गुलाबी, हिरवा. न रंगवलेली ओळ शोधावी लागते. साक्री, पिंपळनेर, निजामपूरकडच्या घरांतही चित्र वेगळे नाही. धडा चार-पाच वेळा वाचून होतो, सगळे येते असे वाटते आणि सराव परीक्षेत ऐनवेळी डोके रिकामे होते. घरचे म्हणतात, अभ्यास कमी पडला. बहुतेक वेळा अभ्यास पुरेसा झालेला असतो, फक्त त्याची रीत चुकलेली असते.

पुन्हा पुन्हा वाचलेला मजकूर ओळखीचा होतो, पण ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. आठवडे बाजारात चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र ओठांवर येत नाही, तसेच हे. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा दोनदा वाचला. इतरांनी एकदा वाचून, तो मिटून, आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्केच आठवत होते, लिहून काढणाऱ्यांना ५६. विशेष म्हणजे, लिहिलेले कोणी तपासूनही दिले नव्हते. आठवण्याची ओढाताणच मेंदूत वाट पक्की करते.

म्हणून धडा एकदा नीट वाचावा, पुस्तक मिटावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते उतरवावे. मग पुस्तक उघडून राहिलेले तेवढेच पाहावे. दुसऱ्या दिवशी, तीन-चार दिवसांनी, पुन्हा दोन आठवड्यांनी हेच करावे. सुरुवातीला कागद निम्मा कोरा राहतो आणि मुले घाबरतात. घाबरू नये, तो कोरा भागच पुढच्या अभ्यासाची यादी असते.

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलांची अडचण आणखी वेगळी. अकरावीपासून विज्ञान इंग्रजीत येते आणि समजण्याऐवजी वाक्ये पाठ होऊ लागतात. अशा वेळी मूत्रपिंडाचे काम धाकट्या भावाला अहिराणीत सांगून पाहावे. सांगताना जिथे अडते, तिथे समजलेले नसते. इंग्रजी संज्ञा त्यानंतर पक्क्या कराव्यात. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, पण भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात.

झोपेवर गदा आणून अभ्यास करणे हा सर्वांत महागडा सौदा. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे काम मेंदू झोपेतही करत असतो. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. रात्री अकरानंतर चहा पिऊन जागणारा मुलगा दिवसाची कमाई रात्री उधळतो.

२०२५ पासून नीटमध्ये १८० प्रश्नांना १८० मिनिटे मिळतात. वेळ दुपारी दोन ते पाच, म्हणजे जेवणानंतर डोळे जड होण्याची. तेव्हा निदान शेवटचा महिना सराव परीक्षा त्याच वेळेत सोडवाव्यात. परीक्षा बहुधा मेच्या पहिल्या रविवारी असते, आणि खान्देशातले तेव्हाचे ऊन वेगळे सांगायला नको. धुळे साक्रीहून सुमारे ५५ किलोमीटर. केंद्राचे फाटक दीडला बंद होते. सकाळीच निघावे, हलके जेवावे, पाणी पीत राहावे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीचा एक वजा. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले, तर प्रश्न सोडून देण्यात तोटाच आहे.

एका गोष्टीकडे मात्र शिकवणीत कोणाचेच लक्ष जात नाही. मुलगी पुस्तक घेऊन बसते, तासाभरात थकते, डोके दुखते, लक्ष लागत नाही. घरी तिला आळशी ठरवतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिनची तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. चहाबरोबर घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. तपासणी परीक्षेच्या तोंडावर नको, दिवाळीच्या सुट्टीतच करावी, कारण शरीरातला लोहाचा साठा भरून यायला महिने लागतात.