शिडाचे माप

मांडव्याच्या धक्क्यावरून गेटवेकडे जाणाऱ्या लाँचमध्ये तुम्ही कधी दुपारी बसला असाल. पाऊस संपून समुद्र निवळला आणि खारा वारा सुटला, की मुंबईच्या कुलाब्याच्या बाजूला लहान लहान शिडाच्या होड्या एकमेकींचा पाठलाग करताना दिसतात. लाँचमधली मंडळी म्हणतात, ‘हौसेचा खेळ आहे.’ हौसेचा खराच. पण ती होडी पाण्यात उतरण्यापूर्वी तिचे शीड जमिनीवर पसरून फितीने मोजलेले असते, आणि ते बोटभर जरी जास्त भरले तरी तिला शर्यतीत घेत नाहीत. एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते आज सांगायचे आहे.

आमच्या लहानपणी अलिबागेजवळच्या खाडीत शिडाच्या चार-दोन होड्या उरल्या होत्या. एकदा त्यांची शर्यत लागली. हरलेला म्हणाला, ‘त्याचं शीड मोठं होतं!’ म्हाताऱ्यांनी निवाडा केला : मोजा. शीड वाळूवर पसरले. जिंकणाऱ्याने दोरी धरली तेव्हा ते अकरा हात भरले, हरणाऱ्याने धरली तेव्हा साडेअकरा! लबाडी कुणीच केली नव्हती. एकाने कापड सैल सोडले होते, दुसऱ्याने ताणले होते, इतकेच. भांडण काही मिटले नाही.

शिडाच्या मापाची सगळी गोम इथे आहे. डोलकाठी लाकडाची किंवा धातूची. तिचे माप कुणीही घ्यावे, तेवढेच येते. कापडाचे तसे नाही. म्हणून नियम करणाऱ्यांनी शीड किती असावे हे सांगण्याआधी ते धरावे कसे हे ठरवले. आज जगभर चालणारी रीत अशी : शीड कोरडे हवे, काठ्या-दोरांपासून सोडवलेले हवे, सपाट जागेवर पसरलेले हवे. त्याला ताठपणा देणाऱ्या पट्ट्या काढून ठेवायच्या. ज्या रेषेवर फीत धरायची, तिच्या आड येणाऱ्या सुरकुत्या जाव्यात एवढाच ताण द्यायचा, अधिक नाही. आणि एका वेळी एकच माप घ्यायचे. कारण एक कड ताणली की दुसरी आपोआप बदलते. हा नियम आमच्या खाडीवर कुणाला ठाऊक असता तर दोन घरांतला अबोला टळला असता.

आता तुम्ही म्हणाल, शीड त्रिकोणी. तीन बाजू मोजल्या की काम झाले. तसे होत नाही. डोलकाठीला लागलेली उभी कड, खालची कड आणि मागची मोकळी कड, या तिन्हींची लांबी तीच ठेवूनही हुशार शिवणारा मागची कड बाहेर फुगवतो. सरळ रेषेबाहेरच्या त्या अर्धचंद्राला आतल्या पट्ट्या आधार देतात, आणि चार हात कापड फुकट मिळते! म्हणून शिडाची रुंदीही मोजतात. शिडाचे डोके खाली आणून मागच्या खालच्या कोपऱ्याशी जुळवायचे. घडी पडते तो मागच्या कडेचा मध्य. तिथून उभ्या कडेपर्यंतचे सर्वांत कमी अंतर म्हणजे अर्ध्यावरची रुंदी. डोलकाठीवरही पट्टे रंगवलेले असतात. शीड त्यांच्या पलीकडे ताणायचे नाही.

हे सगळे एकाच जातीच्या होड्यांसाठी. सारख्या होड्यांची शर्यत ही कल्पना 1887 मध्ये डब्लिनच्या ‘वॉटर वॅग’ होड्यांपासून चालत आली. होडी सारखी, शीड सारखे. मग जिंकायचे ते वारा आणि भरती-ओहोटी ओळखून, पैशाच्या थैलीवर नव्हे. आपल्या बंदरात वर्षानुवर्षे धावलेली ‘एंटरप्राइज’ याच पंथाची. जॅक होल्ट यांनी ती 1956 मध्ये आखली. लांबी सव्वातेरा फूट, दोन शिडे मिळून 113 चौरस फूट, आणि रंग निळा. 1982 चे आशियाई खेळ दिल्लीला झाले, पण शिडाच्या शर्यती मुंबईच्या बंदरात. ‘फायरबॉल’ होडीत आपल्या फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. ‘एंटरप्राइज’चे सुवर्ण पाकिस्तानच्या बैराम व गोश्पी आवारी या पतिपत्नींनी नेले. पदके दोन देशांत गेली, पण शिडावरून कुरबुर करायला जागा नव्हती.

माझ्या एका विद्यार्थ्याने मित्राबरोबर जुनी ‘एंटरप्राइज’ मिळवली. शीडही जुनेच. मोजणी झाली तेव्हा मागची कड बोटभर जास्त निघाली. पोरगा रडवेला झाला. त्याने कात्रीही लावली नव्हती. मागाहून कळले, आधीच्या मालकाने दोन शिवणी उसवून पुन्हा घालताना कापडावर कापड कमी चढवले होते. मापकाने कारण विचारले नाही. विचारू नयेच, कारणे ऐकत बसले तर फीत कशाला हवी? दोघांनी रात्री बसून शिवणी पूर्ववत घातल्या आणि सकाळी पुन्हा रांगेत उभे राहिले. या वेळी शीड बसले.

शर्यतीत मात्र ते मागे पडले. परत आल्यावर त्याने विचारले, ‘सर, माप सारखं होतं ना? मग त्यांची होडी पुढे कशी?’

प्रश्न चोख होता. पूर्वीची सुती शिडे ओलीने आटत आणि वापराने ताणत. टेरिलीन आले आणि तो त्रास पुष्कळ कमी झाला. पण टेरिलीनवरचा कडक लेपही झिजतो. नव्या शिडाचे पोट वाऱ्यात जिथल्या तिथे राहते. जुन्याचे मागे सरकते, आणि होडी पुढे जायच्या ऐवजी कलंडायला पाहते. जमिनीवर पसरलेल्या शिडात हे पोट दिसत नाही, म्हणून फितीला सापडत नाही. नियम कापडाची लांबी-रुंदी बांधून घालतो, त्याचे वय नाही.

यावर काही होड्यांच्या संघटनांनी वर्षाला किती नवी शिडे घ्यायची याचीच मर्यादा घातली. ‘लेझर’वाल्यांनी, जिला आता आयएलसीए म्हणतात, आणखी पुढे जाऊन ठरावीक कारखान्यांचेच शीड चालेल असे ठरवले. त्याने शिवणाऱ्याची चलाखी बंद झाली. पण मग त्या शिडाला जी किंमत पडेल ती मुकाट्याने मोजायची. मला स्वतःला पहिला उपाय बरा वाटतो. माझ्या विद्यार्थ्याला दोन्ही पटले नाहीत. त्याचे म्हणणे, शिडावर मापकाची सही असते तिथे तारीखही असते. तारखेप्रमाणे जुन्या शिडांची शर्यत वेगळी लावा.

त्या शिडाच्या पुढच्या खालच्या कोपऱ्यात ती सही अजून आहे. शाई फिकट झाली आहे, एवढेच.