गिरमिट बोथट, हाडाला चटका

हाड मोडले, ऑपरेशन होऊन प्लेट बसली, पेशंट घरी आला की माझ्याकडे पहिली चौकशी येते ती बिलाची. मध्यंतरी एक गृहस्थ वडिलांचे बिल घेऊन आले. प्लेट समजली, स्क्रू समजले, भूल देणाऱ्या डॉक्टरांची फी समजली. पण 'ड्रिल बिट, १ नग' या ओळीवर त्यांचे बोट अडले होते. "डॉक्टरसाहेब, मशीन त्यांचे, मग पात्याचे पैसे आम्ही का द्यायचे? सुतार कधी गिरमिटाचे पैसे लावतो का?" प्रश्न रास्त होता. मी हाडांचा डॉक्टर नव्हे, साधा एम.बी.बी.एस. आहे. पण या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे आहे, म्हणून आजचा लेख.

आपले लांब हाड एखाद्या नळीसारखे असते. बाहेर टणक भिंत, आत पोकळी आणि मगज. प्लेटचा स्क्रू पक्का बसायचा तर तो अलीकडची आणि पलीकडची अशा दोन्ही भिंतींत रुतावा लागतो. त्यासाठी आधी भोक पाडतात. मोठ्या हाडात नेहमी वापरला जाणारा स्क्रू ४.५ मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याचे भोक ३.२ मिलिमीटरच्या बिटने पाडतात. स्क्रूची पकड सगळी त्या भोकाच्या कडेच्या हाडावर अवलंबून असते. ते हाड जिवंत असले पाहिजे.

हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे, ही गोष्ट आपण विसरतो. त्यात रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात. लाकडात बोथट गिरमिट फिरवले की धूर निघतो, करपल्याचा वास येतो. सुतार हसून पाते बदलतो. हाडातही घर्षणाने अशीच उष्णता निर्माण होते, आणि हाड उष्णतेचे वाहक म्हणून फार कमी प्रतीचे असल्याने ती उष्णता भोकाच्या कडेलाच साचून राहते. स्वीडनमध्ये एरिक्सन आणि आल्ब्रेक्टसन यांनी सशाच्या हाडावर प्रयोग करून १९८३ साली दाखवले की साधारण ४७ अंश सेल्सिअस तापमान एक मिनिट राहिले, तर हाडाला इजा होण्याची हद्द सुरू होते. पन्नास अंशांना नुकसान उघड दिसते. आपले शरीर ३७ अंशांवर असते, म्हणजे मधे अंतर जेमतेम दहा अंशांचे. आपण बशीत ओतून पितो तो चहासुद्धा याहून गरम असतो.

आता धार गेलेले बिट घ्या. धारदार बिट हाड कापते, त्याच्या खाचांतून पांढरा भुसा सरसर बाहेर येतो. बोथट बिट कापण्याऐवजी घासते. वेळ जास्त लागतो, भुसा खाचांत अडकतो, उष्णता वाढत जाते. मॅथ्यूज आणि हर्श या संशोधकांनी १९७२ साली माणसाच्या हाडात भोके पाडताना तापमान मोजले होते. खूप वापरलेल्या बिटने तापमान नव्यापेक्षा बरेच जास्त चढते आणि जास्त वेळ चढलेले राहते, असे त्यांना दिसले. त्यांचा आणखी एक निष्कर्ष ऐकून पुष्कळांना नवल वाटेल : हलक्या हाताने फार वेळ भोक पाडत बसण्यापेक्षा पुरेसा जोर देऊन ते लवकर पाडले तर हाड कमी तापते. पण हा जोर बिट धारदार असेल तरच द्यावा. बोथट बिटवर अंगचा भार टाकला की पलीकडची भिंत फुटताक्षणी ते झटक्याने पुढे घुसते, आणि पुढे रक्तवाहिनी किंवा नस असली तर प्रसंग ओढवतो. शिवाय गोल हाडावर बोथट टोक घसरते ते वेगळेच.

त्याच प्रयोगात पाण्याची धार फार गुणकारी ठरली. माझ्या इंटर्नशिपमध्ये अस्थिरोग विभागात माझ्याकडे मोठे काम कोण देणार? मोठ्या सिरिंजने भोकावर सलाईनची धार धरायची, एवढेच. धार जरा चुकली की सर न बघता म्हणत, "पाणी!" तेव्हा वाटे, साफसफाईसाठी असेल. ते हाड थंड ठेवण्यासाठी असते.

भाजलेल्या हाडाची अडचण अशी की ते त्या दिवशी काहीच सांगत नाही. स्क्रू घट्ट बसतो, दुसऱ्या दिवशीचा एक्स-रे उत्तम येतो. मेलेले हाड शरीर हळूहळू विरघळवून टाकते आणि नवे हाड भरून येईपर्यंत भोकाची कड ढिली पडते. काही आठवड्यांनी स्क्रू हलू लागतो. पायाबाहेर सळया आणि सांगाडा दिसतो त्या फिक्सेटरमध्ये धोका जास्त, कारण सळईच्या वाटेने जंतूंनाही आत यायला रस्ता असतो. मेलेले हाड आणि जंतू एकत्र आले की कधी कधी एक्स-रेमध्ये सळईभोवती मृत हाडाची अंगठीसारखी कडी दिसते. मोटारसायकलच्या अपघातात फुटते ते नडगीचे हाड तर कातडीलगतच असते, त्याला मांसाचे पांघरूण कमी आणि रक्तपुरवठाही बेताचाच.

बिट बोथट होते ते वापराने, तरुण माणसाच्या टणक हाडाने, प्लेटच्या कडेला किंवा दुसऱ्या स्क्रूला घासल्याने. ट्रेमध्ये सगळी पाती एकत्र खडखडत ठेवली तरी धार मरते. ऑटोक्लेव्हमध्ये जंतू मरतात, धार परत येत नाही. एक बिट किती वेळा वापरावे याचा सर्वमान्य आकडा नाही. काही ठिकाणी एकदाच वापरून टाकतात, काही ठिकाणी तपासून पुन्हा घेतात. तपासून घेत असतील तर माझी हरकत नाही. न तपासता घेत असतील तर आहे. यंत्र किती महागडे याला मी फारसे महत्त्व देत नाही. आफ्रिकेतील गरीब देशांत हार्डवेअरच्या दुकानातले ड्रिल निर्जंतुक आवरणात घालून ऑपरेशने होतात. हाडाशी गाठ पडते ती पात्याची.

म्हणून त्या गृहस्थांना मी सांगितले, एकूण खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे, आणि पुन्हा करावे लागणारे ऑपरेशन किरकोळ नसते. नवे बिट खरोखर वापरले का, हे मात्र जरूर विचारा. विचारण्यात अपमान नाही. ऑपरेशन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत असेल तर त्याचा खर्च पॅकेजमध्येच धरलेला असतो, वेगळे पैसे द्यायचे नाहीत.

पण स्क्रू ढिला झाला की लगेच ड्रिलवर खापर फोडू नका. जंतुसंसर्ग, ताब्यात नसलेला मधुमेह, ठिसूळ हाडे, डॉक्टरांनी सांगण्याआधीच पायावर दिलेला भार, हीही कारणे असतात. शिवाय तंबाखू. आमच्याकडे प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून विडी ओढणारे कमी नाहीत, आणि मिश्रीला तंबाखू न मानणाऱ्या आजीबाईही. कमी झालेले दुखणे पुन्हा वाढले, जखमेभोवती लाली, सूज, पू दिसला, सळई हातालाच हलली, तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा. अशा पायाला हाडवैद्याकडून चोळून घेऊ नका.

"बिटचा तुकडा आत मोडून राहिला आहे" असे ऐकून घाबरलेले पेशंटही येतात. टणक हाडात असे क्वचित घडते. तुकडा हाडातच घट्ट असेल, सांध्यात किंवा रक्तवाहिनीजवळ नसेल, तर तो काढायला हाड आणखी पोखरण्यापेक्षा तसाच ठेवणे बहुधा श्रेयस्कर. मात्र त्याची नोंद डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी आणि कार्ड एक्स-रेसह जपून ठेवावे. पुढे कधी त्या भागाचा एम.आर.आय. काढायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना ते आधी दाखवावे लागते.