‘अरे, नाव कधी सुटणार?’ एका ‘अरे’तून नेमकं काय कळतं?

सुट्टीच्या दिवशी मुरुडजवळच्या राजपुरी जेट्टीवर उभं राहिलात, तर हा प्रश्न हमखास कानावर पडतो. जंजिरा पाहायला आलेला पंचविशीतला पर्यटक पन्नाशीच्या नावाड्याला विचारतो, “अरे, नाव कधी सुटणार?” उत्तर येतं, “बसा साहेब, दहा मिनिटांत.” एकीकडून ‘अरे’, दुसरीकडून ‘साहेब’. पुढे किल्ल्याच्या दाराशी नाव लाटांवर डुलायला लागली की उतरताना याच नावाड्याचा हात धरावा लागतो, ते वेगळंच.

‘तू’ हा शब्द मुळात अपमानाचा नाही. आईला आपण ‘तू’ म्हणतो, विठ्ठलालाही. याच किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी बोलीत थोरामोठ्यांनाही ‘तू’ चालतं. त्यामुळे मासळीबाजारात एखाद्या मावशीने तुम्हाला ‘तू’ म्हटलं तर राग मानू नका.

बिघडतं कधी? ‘तू’ एकाच बाजूने जातं तेव्हा. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांमधल्या सर्वनामांवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: दोघंही एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर ती जवळीक. एकाने ‘तू’ म्हणायचं आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’च म्हणायचं, तर ती सत्ता.

मराठीत तर माणूस समोर नसतानाही हे लपत नाही. ‘डॉक्टर आले’, पण ‘शिपाई आला’. ‘मॅडम आल्या’, पण ‘कामवाली आली’. (हे लिहिताना लक्षात आलं, मीही असंच बोलते.)

नावांचंही तेच. जातीने खालचा ठरवलेला धोंडू म्हातारा झाला तरी गावासाठी ‘धोंड्या’च असायचा. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला ते महाड याच जिल्ह्यातलं. तिथे प्रश्न पाण्याचा होता, तसाच माणूस म्हणून वागवलं जाण्याचाही. आणि वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तो थेट डिसेंबर २०२० मध्ये.

मग नावाड्याला हाक कशी मारायची? नाव माहीत नसेल तर दादा, मामा, काका आहेतच. फक्त पुढच्या क्रियापदाकडे लक्ष ठेवा. ‘काका, चल लवकर’ म्हटलं की ‘काका’ फुकट गेला.