गजकर्ण की आणखी काही?

पोटात दुखू लागले तर कारण सांगायला माणूस थोडा कचरतो. पण अंगावर वाटोळा चट्टा उठला, की घरच्या आजीपासून नाक्यावरच्या औषधविक्रेत्यापर्यंत जो तो ‘गजकर्ण आहे’ असा निवाडा देऊन मोकळा होतो. हा निवाडा पुष्कळदा बरोबर निघतो, आणि खरी अडचण हीच आहे. कारण तो चुकतो तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही.

माझ्याकडे एकदा एका खानावळीतला आचारी आला. कोपराच्या वर फिकट, कोरडा चट्टा. दोन वर्षे गजकर्णाचे मलम लावीत होता. मी विचारले, “खाजतं का?” म्हणाला, “नाही साहेब, काहीच त्रास नाही. परवा तेल उडालं, तेही कळलं नाही.” मी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाची वात चट्ट्यावरून फिरवली. आजूबाजूला स्पर्श कळत होता, चट्ट्यावर कळत नव्हता. तो कुष्ठरोग होता. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते आणि रोग पुरता बरा होतो. पण दोन वर्षे उशीर म्हणजे मज्जातंतूंना दोन वर्षे धोका. त्याची बोटे शाबूत राहिली, हे त्याचे नशीब. गजकर्ण खाजते, आणि चांगलेच खाजते. न खाजणाऱ्या, बधिर चट्ट्याला गजकर्ण म्हणू नये.

आता गजकर्ण वाटोळे का होते? बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरातील केराटिनवर जगते आणि एका ठिकाणाहून चोहोबाजूंना पसरत जाते, भिंतीवरच्या ओलीच्या डागासारखी. कड लाल, उंचवट्याची, कोंडा सुटणारी, मध्यभाग निवळलेला. परंतु वाटोळेपणा ही काही तिची मिरास नव्हे. सोरायसिसचे चट्टे वाटोळे असतात, त्यांवर चांदीसारखे पापुद्रे असतात. इसबही नाण्यासारखे उठते. ‘पिटिरियासिस रोझिया’ नावाचा एक रोग तर मोठा गमतीचा आहे. आधी एकच चट्टा येतो, हुबेहूब गजकर्णासारखा. आठवड्या-दोन आठवड्यांनी पाठपोट लहान चट्ट्यांनी भरते आणि बहुधा दीड-दोन महिन्यांत सारे आपोआप जाते. श्रेय मात्र त्या वेळी जे मलम चालू असेल ते घेते!

मग ओळखावे कसे? युक्ती जुनी आणि स्वस्त आहे. बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडायचा. मधला नव्हे, कारण बुरशी कडेला जोमात असते. तो काचपट्टीवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १० टक्के द्रावाचा थेंब टाकायचा. थोड्या वेळात कातडीच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले, पेरे असलेले धागे दिसू लागतात. शिकाऊ डोळ्यांना कपड्याचा तंतूही बुरशी वाटतो, हा भाग निराळा. शिब्यात हेच धागे आखूड दिसतात, सोबत गोल पेशींचे घोस. शेवयांत साबुदाणा सांडावा तसे. एकदा काही दिसले नाही म्हणून बुरशी नाहीच असे मात्र ठरत नाही. नखाच्या बाबतीत तर पुन्हा पुन्हा पाहावे लागते.

कातडीखाली शिरणाऱ्या बुरशीची ओळखही आपल्या मुंबईशी निगडित आहे. अनवाणी राबणाऱ्याच्या पायात काटा रुततो, काही महिन्यांनी पाऊल सुजते, छिद्रे पडून त्यांतून बारीक कण येऊ लागतात. १८६० च्या सुमारास ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी हा बुरशीचा रोग म्हणून वर्णिला आणि त्याला ‘मायसेटोमा’ म्हटले. ग्रे यांच्या शरीररचनेच्या प्रसिद्ध ग्रंथातील चित्रे काढणारे तेच हे कार्टर. पुढे कळले, की असेच पाऊल काही जिवाणूही करतात. रूप एक, औषधे दोन! म्हणून ते कण तपासल्याशिवाय गत्यंतर नाही. काळा कण बहुधा बुरशीचा; पांढरा-पिवळा दोहोंचाही असू शकतो.

परत गजकर्णाकडे येऊ. आज त्याचा सर्वांत मोठा मित्र म्हणजे स्टेरॉइड मिसळलेले मलम. दोन दिवसांत लाली आणि खाज जाते, माणूस खूश होतो आणि आत बुरशी निर्धास्त वाढते. कड पुसली जाते, आकार बिघडतो. १९६८ साली याला ‘टिनिया इन्कॉग्निटो’, म्हणजे वेषांतर केलेले गजकर्ण, असे नाव मिळाले. जांघेत महिनोन्‌महिने लावले तर कातडी विरते आणि कायमचे वण उरतात. अशा चट्ट्यापुढे अनुभवी डोळाही फसतो. खरवडून पाहिले तर मात्र धाग्यांचे जाळे दिसते. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. दुकानात काय चालते ते आपण सारे जाणताच.

त्यातच बुरशीही बदलली आहे. जपानमधील संशोधकांनी २०२० साली एका भारतीय व एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेवरून ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ ही जात नोंदली. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती पुष्कळदा दाद देत नाही. पूर्वी जे तीन-चार आठवड्यांत जात असे, ते आता घरातल्या साऱ्यांना धरून महिनोन्‌महिने रेंगाळते.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना जुन्या मलमांच्या नळ्या, अर्ध्या पिळलेल्या असल्या तरी, बरोबर न्याव्यात, लाजू नये. तपासणीआधी काही दिवस चट्ट्यावर काही लावू नये. आणि घरात आणखी कोणाला खाज आहे, हे न विचारताच सांगावे.